दोन आसनी स्पोर्ट्स कारची खरेदी : कूपे आणि रोडस्टर घेताना

कमी उंचीची, देखणी आणि दोनच माणसांसाठी बनवलेली स्पोर्ट्स कार भारतातील रस्त्यांवर आजही क्वचितच दिसते. नवी गाडी बहुसंख्य ग्राहकांच्या आवाक्याबाहेर असली, तरी जुन्या गाड्यांच्या बाजारात अशा मोटारी मूळ किमतीच्या बऱ्याच खाली उपलब्ध होतात. मात्र गाडीची किंमत वयानुसार उतरते, तशी तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. त्यामुळे स्वस्तात मिळालेली स्पोर्ट्स कार पुढे महाग पडल्याची उदाहरणे अनेक आहेत. खरेदीपूर्वी गाडीची जात, तिच्यातील ज्ञात दोष, करांची रचना आणि कागदपत्रांचे नियम यांची माहिती करून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

कूपे आणि रोडस्टर यांतील फरक

'कूपे' हा शब्द 'कापणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आला आहे. लांब बग्गीचा काही भाग कमी करून बनवलेल्या दोन आसनी बग्गीला हे नाव होते. आज पक्क्या छपराच्या, दोन दारांच्या आणि मागे उतरत्या आकाराच्या मोटारीला कूपे म्हणतात. रोडस्टर ही उघड्या छपराची दोन आसनी गाडी होय. तिचे छप्पर कापडी असते किंवा घडी होणाऱ्या धातूच्या पत्र्याचे असते. चार आसनी गाडीचे छप्पर उघडत असल्यास तिला सर्वसाधारणपणे कन्व्हर्टिबल म्हणतात.

हा फरक केवळ नावाचा नाही. छप्पर हा मोटारीच्या सांगाड्याचा भार पेलणारा भाग असतो. तो नसल्यामुळे रोडस्टरचा तळ आणि दारांखालील पट्ट्या अधिक मजबूत कराव्या लागतात. म्हणून जुन्या रोडस्टरमध्ये या पट्ट्यांना लागलेला गंज हा दिसण्याचा दोष नसून सुरक्षिततेचा प्रश्न असतो.

भारतीय प्रयत्न

भारतात तयार झालेल्या रोडस्टरमध्ये गोव्याच्या सॅन मोटर्सने १९९८ मध्ये आणलेल्या 'स्टॉर्म' या गाडीचा उल्लेख प्रथम करावा लागेल. तिची रचना फ्रान्समधील संस्थेकडून करून घेण्यात आली होती. पोलादी सांगाड्यावर फायबरग्लासची बॉडी आणि रेनॉ कंपनीचे ११४९ घनसेंटिमीटर क्षमतेचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन असे तिचे स्वरूप होते. वेगापेक्षा हलकेपणा आणि उघड्या गाडीचा आनंद हे तिचे वैशिष्ट्य होते. तिचे उत्पादन आता होत नाही.

टाटा मोटर्सने २००० मध्ये जिनिव्हा येथील प्रदर्शनात 'एरिया' ही रोडस्टर आणि पुढील वर्षी तिचे कूपे रूप मांडले. परंतु त्या गाड्या बाजारात आल्या नाहीत. मार्च २०१७ मध्ये जिनिव्हा येथेच सादर झालेली 'रेसमो' ही दोन आसनी कूपेही प्रत्यक्ष विक्रीपर्यंत पोहोचली नाही. कमी मागणी आणि मोठा विकासखर्च यांचा मेळ भारतीय उत्पादकांना घालता आला नाही, असे या इतिहासावरून दिसते.

स्टॉर्म गाडी विकत घेणाऱ्याने फायबरच्या बॉडीवर पडलेल्या भेगा, सांगाड्याचा गंज आणि छपराच्या कडेचे रबर पाहावे. फायबरची दुरुस्ती पत्र्याच्या कामाहून निराळी असल्याने नेहमीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे ती सोपवू नये. बॉडीचे मूळ भाग सहज मिळत नाहीत. त्यामुळे काचा, दिवे आणि छप्पर पूर्ण असलेली गाडी थोडी महाग असली तरी घेण्यास अधिक योग्य होय.

परदेशी गाड्या आणि त्यांचे ज्ञात दोष

जगभर लहान रोडस्टरचे पुनरुज्जीवन करण्याचे श्रेय जपानच्या माझदा कंपनीच्या 'एमएक्स-५' या गाडीला दिले जाते. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती प्रथम दाखवण्यात आली. अमेरिकेत ती 'मियाटा' या नावाने ओळखली जाते. एप्रिल २०१६ मध्ये तिच्या उत्पादनाने दहा लाखांचा टप्पा गाठला. भारतात माझदाने ती अधिकृतपणे विकलेली नाही. मात्र अमेरिका, ब्रिटन किंवा आखाती देशांत राहणाऱ्या मराठी ग्राहकांना जुनी स्पोर्ट्स कार शोधताना सर्वप्रथम हीच गाडी समोर येते. पहिल्या दोन पिढ्यांतील गाड्यांत छपरावरील पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबतात, पाणी दारांखालील पट्ट्यांत साचते आणि तेथे आतून गंज धरतो. वरून ताजा रंग दिसत असला तरी मागील चाकाच्या पुढचा भाग बोटाने दाबून व खालून दिवा लावून पाहावा.

भारतातील जुन्या बाजारात प्रामुख्याने जर्मन गाड्या आढळतात. ऑडीची 'टीटी' ही कूपे १९९८ मध्ये आणि रोडस्टर १९९९ मध्ये बाजारात आली. अतिवेगात तिचा मागील भाग अस्थिर होत असल्याच्या तक्रारींनंतर २००० मध्ये कंपनीने मागे स्पॉयलर आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा बसवण्यास सुरुवात केली. तिच्या तीन पिढ्या झाल्या आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये हंगेरीतील कारखान्यात उत्पादन संपले.

मर्सिडीज-बेंझच्या १९९६ च्या 'एसएलके'ने घडीचे धातूचे छप्पर लोकप्रिय केले. बंद असताना ती कूपे आणि उघडल्यावर रोडस्टर होते. २०१६ मध्ये तिला 'एसएलसी' हे नाव देण्यात आले आणि २०२० मध्ये ती बंद झाली. या गाडीत छपराचे हायड्रॉलिक सिलिंडर वयोमानानुसार गळू लागतात. छप्पर उघडताना अडखळत असल्यास किंवा अस्तरावर तेलाचे डाग असल्यास मोठ्या दुरुस्तीची तयारी ठेवावी लागते.

बीएमडब्ल्यूच्या 'झेड-४'ची पहिली पिढी २००२ मध्ये कापडी छपराची होती, २००९ ची दुसरी पिढी धातूच्या घडीच्या छपराची होती, तर २०१८ च्या तिसऱ्या पिढीत पुन्हा कापडी छप्पर आले. पहिल्या पिढीत छपराची मोटार खालच्या खोबणीत असल्याने पाण्याचे मार्ग तुंबल्यावर ती पाण्यात बुडून निकामी होते. पावसाळी प्रदेशातील गाडीत ही तपासणी चुकवू नये.

पोर्शेची 'बॉक्सटर' १९९६ पासून तयार होऊ लागली. तिचे इंजिन आसनांच्या मागे आणि मागील चाकांच्या पुढे असते, त्यामुळे वळणावर ती अत्यंत समतोल राहते. तिच्या २००८ पर्यंतच्या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टचे बेअरिंग निकामी होऊन संपूर्ण इंजिन गमावण्याचा धोका सर्वज्ञात आहे. अशा गाडीत हे बेअरिंग बदलल्याची पावती आणि ऑइल बदलाची पूर्ण नोंद पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

विजेवर चालणाऱ्या रोडस्टरही आता उपलब्ध झाल्या आहेत. एमजीची 'सायबरस्टर' जुलै २०२५ मध्ये भारतात दाखल झाली. ७७ किलोवॅट-तासांची बॅटरी, ५१० अश्वशक्ती आणि वर उघडणारे दरवाजे हे तिचे विशेष आहेत. दाखल होताना तिची शोरूम किंमत ७४ लाख ९९ हजार रुपये होती. विजेवरील गाडी पुढे जुनी घ्यायची झाल्यास बॅटरीची उरलेली क्षमता सेवा केंद्रातून लेखी तपासून घ्यावी आणि बॅटरीची हमी दुसऱ्या मालकाला लागू होते का, हे विचारून घ्यावे.

नव्या गाडीची किंमत कशी ठरते

या वर्गातील बहुतेक गाड्या पूर्ण तयार स्वरूपात आयात होतात. २०२५ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार ४० हजार डॉलरपेक्षा अधिक मूल्याच्या मोटारीवर ७० टक्के मूळ आयात शुल्क आणि ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा अधिभार, असा एकूण ११० टक्के भार पडतो. त्यावर मोठ्या इंजिनाच्या पेट्रोल गाडीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर लागतो, तर विजेवरील गाडीला ५ टक्के.

याचा हिशेब असा : बंदरात १०० रुपये मूल्य असलेली पेट्रोल गाडी शुल्कासह २१० रुपयांची होते आणि करासह २९४ रुपयांपर्यंत जाते. तेवढ्याच मूल्याची विजेवरील गाडी सुमारे २२० रुपयांपर्यंत राहते. विक्रेत्याचा नफा, राज्याचा मोटार वाहन कर आणि विमा याखेरीज असतो. दहा लाख रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या गाडीवर विक्रेता १ टक्का प्राप्तिकरही वसूल करतो. तो विवरणपत्र भरताना समायोजित करता येतो. व्यापार करारांमुळे आयात शुल्काचे दर बदलू शकतात, म्हणून नोंदणी करताना विक्रेत्याकडून अंतिम किंमत लेखी घ्यावी.

मॉडेलचे उत्पादन थांबले असल्यास शोरूममध्ये उरलेल्या गाडीवर सवलत मिळू शकते. अशा वेळी गाडीच्या निर्मितीचा महिना व वर्ष पाहावे आणि सुटे भाग व सेवा किती वर्षे मिळतील, याचे लेखी उत्तर मागावे.

जुन्या गाडीची तपासणी

जुनी स्पोर्ट्स कार पाहण्यास जाताना ती थंड असतानाच सुरू करण्याची अट घालावी. गरम इंजिन अनेक दोष लपवते. सुरू होताना येणारा निळसर धूर ऑइल जळत असल्याचे आणि सतत येणारा दाट पांढरा धूर पाणी इंजिनात जात असल्याचे लक्षण असू शकते.

गाडी दिवसाच्या उजेडात आणि कोरडी असताना पाहावी. दारे, बोनेट आणि डिकी यांमधील फटी दोन्ही बाजूंना सारख्या असाव्यात. लहान चुंबक कागदात गुंडाळून पत्र्यावर फिरवल्यास जेथे लांबी भरली आहे तेथे तो चिकटत नाही. मात्र काही गाड्यांचे भाग ॲल्युमिनियमचे किंवा फायबरचे असतात; तेथे ही कसोटी उपयोगी नाही.

टायरच्या कडेवर छापलेल्या चार अंकांत निर्मितीचा आठवडा आणि वर्ष दिलेले असते. उदाहरणार्थ, '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. स्पोर्ट्स कार कमी चालत असल्याने तिच्या टायरची नक्षी शाबूत राहते, पण रबर कडक होते. सहा वर्षांपेक्षा जुने टायर बदलावे लागतील, असे गृहीत धरून किंमत ठरवावी. पुढील टायर एकाच कडेने झिजले असल्यास चाकांची मांडणी बिघडली आहे किंवा गाडीला अपघात झाला आहे, अशी शंका घ्यावी.

कमी किलोमीटर हा नेहमीच गुण नसतो. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीतील रबरी नळ्या, सील, ब्रेक आणि बॅटरी खराब होतात. मीटर मागे फिरवल्याची शंका असल्यास सेवा पुस्तिकेतील नोंदी, विम्याची कागदपत्रे, प्रदूषण प्रमाणपत्रे आणि ब्रेक पेडलच्या रबराची झीज यांचा मेळ घालावा.

पूरग्रस्त गाड्या हा भारतातील वेगळा धोका आहे. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१५ मध्ये चेन्नई आणि २०१८ मध्ये केरळ येथेही पूर आले. अशा प्रसंगी बुडालेल्या मोटारी स्वच्छ करून दूरच्या राज्यांत विकल्या जातात. कमी उंचीच्या स्पोर्ट्स कारमध्ये थोड्या पाण्यानेही वायरिंग आणि नियंत्रक यंत्रे निकामी होतात. गालिचा उचलून खालचा थर ओला किंवा चिखलाळ आहे का, आसनाच्या पट्ट्या गंजल्या आहेत का, सीट बेल्ट पूर्ण ओढल्यावर त्यावर पाण्याची रेषा दिसते का, हे पाहावे.

शेवटी, त्या कंपनीच्या गाड्यांचा अनुभव असलेल्या, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या फिटरकडून गाडी उचलून तपासून घ्यावी. तपासणीस नकार देणाऱ्या विक्रेत्याकडून गाडी घेऊ नये.

कागदपत्रे आणि मालकी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात झालेल्या हस्तांतरणाची माहिती १४ दिवसांत, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० वापरले जातात. गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास तो उतरवण्यासाठी नमुना ३५ आणि वित्तसंस्थेचे ना हरकत पत्र लागते.

ही औपचारिकता विकणाऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असा निर्णय दिला की, गाडी विकली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जाईल. गाडी ताब्यात देऊन 'नाव नंतर बदलू' असे म्हणणारा विक्रेता अनोळखी माणसाच्या अपघाताची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेतो. विम्याचे हस्तांतरणही १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून नोंदवून घ्यावे.

चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक स्वतः गाडीवर पाहून नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहावेत. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी भारतात तयार झालेल्या एका दोन आसनी स्पोर्ट्स कारच्या संदर्भात गुन्हा दाखल केला. एकाच चासी व इंजिन क्रमांकाची नोंद दोन राज्यांत झाल्याचा आरोप त्यात होता. 'वाहन' या शासकीय संकेतस्थळावर नोंदणी, कर्जाचा बोजा आणि विम्याची मुदत पाहता येते, तर प्रलंबित दंडाची माहिती ई-चलन संकेतस्थळावर मिळते.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी प्राधिकाऱ्याचे अधिकारपत्र घेणे बंधनकारक आहे. व्यापाऱ्याकडून गाडी घेताना ते पाहण्यास मागावे. नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्याच्या रकमेवर जानेवारी २०२५ पासून १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला आपली खासगी गाडी विकल्यास हा कर लागत नाही.

दुसऱ्या राज्यातील गाडी

दिल्लीत नोंदलेल्या आलिशान गाड्या अन्य राज्यांत कमी किमतीत विकल्या जातात, याचे एक कारण वयाची मर्यादा हे आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केला. २०२५ मध्ये त्यात न्यायालयाने फेरबदल केले, म्हणून व्यवहाराच्या वेळची स्थिती पाहूनच निर्णय घ्यावा.

गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तेथे नवी नोंदणी आणि त्या राज्याचा कर भरावा लागतो. मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. स्वस्त वाटणारी गाडी नव्या कराची रक्कम मिळवल्यावर स्थानिक गाडीइतकीच महाग ठरू शकते.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना आयात केलेल्या चारचाकीसाठी ४० हजार रुपये आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांनंतर ८० हजार रुपये शुल्क आहे. २००० च्या दशकातील रोडस्टर घेणाऱ्याने ही रक्कम हिशेबात धरावी.

परदेशातून जुनी गाडी आणण्याबाबतचे नियम कडक आहेत. ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली असावी लागते. त्यामुळे नव्वदच्या दशकातील एमएक्स-५ परदेशातून आणून येथे नोंदवण्याची कल्पना सामान्य मार्गाने प्रत्यक्षात येत नाही.

छप्पर कापलेल्या गाड्या

साध्या मोटारीचे छप्पर कापून तिला रोडस्टरचे रूप देणारी गॅरेजे अनेक शहरांत आहेत. उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करून गाडी नोंदवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. अशा गाडीचा विम्याचा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. छप्पर गेल्याने सांगाडा कमकुवत होऊन गाडी उलटल्यास आतील माणसांना संरक्षण उरत नाही. अशी गाडी कितीही आकर्षक दिसली तरी ती घेऊ नये.

दैनंदिन वापर

स्पोर्ट्स कारची जमिनीपासूनची उंची साधारण ११० ते १३० मिलिमीटर असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. प्रत्यक्षात अनेक गतिरोधक याहून अरुंद व उंच असतात आणि गाडीचा तळ घासतो. घर ते मुख्य रस्ता हा मार्ग चाचणीच्या वेळीच गाडीने पार करून पाहावा. इमारतीच्या तळघरातील वाहनतळाचा उतारही तपासावा.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे मिश्रण २०२५ मध्ये देशभर झाले आहे. त्यासाठी न बनवलेल्या जुन्या आयात गाड्यांतील इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील यांवर परिणाम होऊ शकतो. ते बदलले आहेत का, हे विचारावे आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीनिशी उभी ठेवू नये.

कापडी छपराला ऊन आणि पावसाळ्यातील बुरशी दोन्ही बाधतात. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पावसाळ्यापूर्वी आणि नंतर साफ करून घ्याव्यात. ओले छप्पर घडी करून ठेवू नये. कोकण, गोवा आणि अन्य किनारी भागांत खारी हवा असल्याने गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुऊन गंजरोधक लेप द्यावा.

दोन आसनी गाडीत लहान मुलाला मागे बसवण्याची सोय नसते. पुढील आसनावर मागे तोंड करून बाळाची खुर्ची ठेवायची झाल्यास समोरची एअरबॅग बंद करता आलीच पाहिजे. ती सोय नसलेल्या गाडीत बाळाला नेऊ नये. कुटुंबात ही एकच मोटार असणार असेल, तर हा विचार खरेदीपूर्वीच झालेला बरा.

किंमत ठरवण्याची पद्धत

जाणकार ग्राहक हाती असलेली संपूर्ण रक्कम गाडीवर खर्च करत नाहीत. जुन्या आयात स्पोर्ट्स कारसाठी ठरवलेल्या रकमेतील किमान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षातील टायर, ब्रेक, ऑइल, बॅटरी आणि छपराच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवणे शहाणपणाचे ठरते. हस्तांतरण शुल्क, नव्या राज्याचा कर आणि विम्याचा हप्ता यांची बेरीज त्यात स्वतंत्रपणे धरावी.

एकाच मॉडेलच्या किमान तीन गाड्या पाहिल्यावर किमतीचा आणि स्थितीचा अंदाज येतो. सेवा नोंदी पूर्ण असलेली, एक किंवा दोन मालकांची, मूळ रंगाची गाडी थोड्या अधिक किमतीत घेणे हे नोंदी नसलेली चकचकीत गाडी स्वस्तात घेण्यापेक्षा हिताचे असते. उत्पादन थांबलेल्या मॉडेलच्या चांगल्या गाड्या यापुढे कमीच होत जाणार असल्याने नीट जपलेल्या गाडीला पुढील ग्राहकही मिळतो, आणि त्या वेळी जपून ठेवलेली प्रत्येक पावती उपयोगी पडते.